वारुळात किती खोल?

हेमलकशाच्या जंगलात सात्या आणायला निघालेल्या बाईच्या हातात काय असतं ते नीट पाहावं. बांबूची टोपली, कमरेला खोचलेला लहान विळा, आणि वाटेतल्या झुडपाची तोडून एका टोकाला तासलेली हातभर काठी. फावडं नाही, सब्बल नाही. शेतात बांध घालायला हीच बाई फावडं घेऊन जाते, म्हणजे घरात अवजार नाही असं नव्हे. सात्यांच्या कामाला ते लागत नाही. उलट त्याने नुकसानच होतं. का, हे समजायचं असेल तर आधी जमिनीखाली काय चाललंय ते बघावं लागतं.

गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्यांना सात्या म्हणतात त्यांना नागपूर-भंडाऱ्याकडे टेकोडे म्हणतात, सह्याद्रीत आणि कोकणात अळंबी म्हणतात आणि गोव्यात रोयणीची अळमी. जाती थोड्याफार वेगळ्या, पण यातली सगळ्यात चवदार आणि सगळ्यात भाव खाणारी भूछत्रं बहुतेक एकाच कुळातली आहेत. ती वाळवीच्या घरातून येतात.

हेमलकसा हे भामरागड तालुक्यातलं गाव. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कामामुळे गावाचं नाव सर्वदूर गेलं. पण या गावाचं वर्ष ठरतं ते पावसावर. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पूर आला की पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि पलीकडची गावं दिवसचे दिवस तुटायची. हेच दिवस घरातलं धान्य संपत आल्याचेही. रोवणी चालू असते, नवा भात हाती यायला अजून अवकाश असतो, बाजार दूर असतो. अशा वेळी माडिया आदिवासी घरांचा स्वयंपाक जंगल चालवतं. बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, रानभाज्या, नदीतली मासळी, आणि सात्या. शहरात जंगली भूछत्रं ही हौसेची चीज असते. इथे ती आषाढ-श्रावणातली भाजी आहे, आणि तिच्याकडे त्याच गांभीर्याने बघायला हवं.

मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर वारुळांतून पंखवाली वाळवी बाहेर पडते. संध्याकाळी दिव्याभोवती तिचा खच पडतो, सकाळी अंगणात नुसते पंख उरतात. या किड्यांतले जे थोडे वाचतात ते जोडीने जमिनीत शिरून नवं घर मांडतात. त्या घरातली पहिली कामकरी पिढी मोठी होऊन अन्नाला बाहेर पडायला पुढे काही आठवडे लागतात. सात्यांचा मुख्य हंगाम साधारण तेव्हाच येतो, आणि हा निव्वळ योगायोग नाही. नव्या घराला बुरशीचं बी हवं असतं. ते बहुतेक जातींत आईबापांकडून मिळत नाही. कामकरी वाळवीला ते बाहेरून, जमिनीवर पडलेल्या भूछत्राच्या बीजाणूंतून गोळा करावं लागतं.

हे बी तिला कशाला हवं, यातच सगळी गंमत आहे. वाळवी लाकूड खाते असं आपण म्हणतो. पण आपल्याकडे वारुळं बांधणारी, ओडोंटोटर्मिस वंशातली वाळवी लाकूड एकटीने पुरतं पचवू शकत नाही. लाकडातला लिग्निन हा चिवट पदार्थ फोडायचं काम ती बुरशीकडून करून घेते. कामकरी वाळव्या वाळकी पानं, काटक्या, गवत कुरतडून आणतात, ते एकदा पोटातून काढतात आणि त्या गोळ्यांचं वारुळाच्या पोटात एक पोळं रचतात. हे पोळं हातात घेतलं तर हलकं, ठिसूळ आणि अक्रोडाच्या गरासारखं वळ्यावळ्यांचं असतं. त्यावर बुरशी वाढते आणि पांढरे, मोहरीहूनही बारीक दाणे धरते. वाळवी ते दाणे खाते, आणि बुरशीने मऊ केलेलं जुनं पोळंही खाते. एका बाजूने खात जायचं, दुसऱ्या बाजूने नवं रचत जायचं, असं हे शेत वर्षानुवर्षं चालतं. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली.

या बुरशीच्या वंशाला टर्मिटोमायसेस हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये दिलं. त्यातल्या दक्षिण भारतात सापडलेल्या एका जातीचं वर्णन मद्रास विद्यापीठाच्या के. नटराजन यांनी १९७९ मध्ये केलं आणि तिला एम यांचंच नाव दिलं, टर्मिटोमायसेस हाइमी. पांढरी, मांसल, गोड वासाची ही जात आपल्याकडच्या सर्वोत्तम भूछत्रांपैकी एक आहे. याच वंशातली झांबियातली एक जात छत्रीचा व्यास मीटरभर होईपर्यंत वाढते. आणि याच वंशातली टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस ही जात नखाएवढ्या टोप्यांची असते, ती जमिनीवर शेकड्यांनी पसरते.

ही बुरशी धिंगरीसारखी तणसाच्या पिशव्यांत घरी उगवता येत नाही. धिंगरीला काडीकचरा पुरतो. टर्मिटोमायसेसला जिवंत वाळवी लागते. पोळ्याची देखरेख वाळवी करते, नको ती बुरशी वाढू देत नाही, आतली ऊब आणि ओल राखते. वाळवी गेली की त्याच पोळ्यावर थोड्या दिवसांत झायलारिया नावाची दुसरी बुरशी काळ्या काड्या काढते आणि शेत संपतं. म्हणून सात्या हव्या तर वारूळ जिवंत हवं. सात्यांच्या अवजारांचा विचार इथूनच सुरू होतो.

आता हेमलकशाच्या जंगलात वाळवीचीच भूछत्रं इतकी महत्त्वाची का, हेही सांगायला हवं. इथलं जंगल मिश्र पानगळीचं आहे. साग, ऐन, मोह, बांबू. सागाच्या बाबतीत आलापल्लीचं नाव इतकं मोठं की तिथे जुना साग राखून ठेवलेला एक पट्टाच ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून ओळखला जातो. पण सागाच्या मुळांशी राहणारी बुरशी जमिनीवर छत्री काढत नाही. तिचा सगळा संसार मुळांच्या आत आणि मातीत, सूक्ष्म पातळीवर चालतो. याउलट सालवृक्षाच्या मुळांवर बाहेरून वेष्टण घालणाऱ्या बुरशा राहतात, आणि त्यांतल्या कित्येक मोठी फळं धरतात. इंद्रावती ओलांडून बस्तरच्या सालवनात गेलं की पहिल्या पावसानंतर बाजारात बोडा दिसू लागतो. लहान बटाट्याएवढी, मातकट, गोल भूछत्रं. ती छत्री उघडतच नाहीत. सालाखाली, मातीच्या अगदी वरच्या थरात ती असतात. तिथे गोळा करणारा माणूस काडीने किंवा खुरप्याने पालापाचोळा आणि वरची माती नुसती खरवडतो. दोन बोटं खोल गेलं तरी पुरे. एका नदीच्या दोन अंगांना झाडं बदलली, म्हणून बुरशी बदलली, आणि बुरशी बदलली म्हणून हातातलं अवजारही बदललं.

लाकडावरच्या भूछत्रांचं काम सगळ्यात सोपं. आडव्या पडलेल्या खोडावर पंख्यांच्या थरांसारखी येणारी रानधिंगरी किंवा मऊ, रबरी कानाच्या आकाराची भूछत्रं विळ्याने बुंध्याशी कापावीत. ओढली तर सालीचे तुकडे आणि कचरा सोबत येतो. कापली तर साफ मिळतात, आणि खोडातली बुरशी पुढच्या पावसात पुन्हा येते. खरा पेच जमिनीतून येणाऱ्यांचा.

वारुळावर किंवा वारुळाच्या आसपासच्या सपाट जमिनीवर सात्या वर यायला लागल्या की आधी छत्री दिसत नाही. दिसतं एक टणक, करडं टोक. पोळं कधी हातभर, कधी त्याहूनही खोल असतं. तिथून निघालेला अंकुर ओली माती भेदत वर येतो आणि ती भेदण्यासाठी त्याच्या माथ्यावर हे टोक असतं. छत्री पूर्ण उघडल्यावरही ते मधोमध उंचवट्यासारखं राहतं, रंगाने बाकीच्या टोपीपेक्षा गडद. टोपी पांढरी किंवा फिकट करडी, वाढली की कडेपासून आत उभी फाटत जाणारी. खालच्या पाकळ्या दाट आणि पांढऱ्या, जुन्या झाल्या की किंचित गुलाबी झाक येणाऱ्या. दांडा भरीव, तंतुमय. आणि जमिनीखाली त्या दांड्याचं जे होतं ते या कुळाचं खरं ओळखपत्र आहे. तो संपत नाही. बारीक होत, मुळासारखा निमुळता होत, पोळ्यापर्यंत जातो.

सरावलेला हात इथे काय करतो ते पाहण्यासारखं असतं. काठीचं तासलेलं टोक दांड्यापासून चार बोटं लांब, तिरपं मातीत जातं. एकदा, दोनदा, तीनदा, गोलाकार. माती उकरली जात नाही, फक्त सैल होते. मग काठी बाजूला. अंगठा आणि दोन बोटं दांडा जमिनीलगत धरतात, किंचित पिळतात आणि सावकाश वर ओढतात. वीतभर मूळ हाताशी येतं आणि जिथे ते सगळ्यात बारीक असतं तिथे तुटतं. उरलेलं खालीच राहतं, पोळ्याला धक्का लागत नाही. भोक पायाने दाबून बुजवलं जातं, कारण उघड्या भोकातून मुंग्या आत शिरतात, आणि वाळवीची मुंग्यांइतकी जुनी वैरीण दुसरी नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी यायचं असतं, हे त्या हाताला ठाऊक असतं.

सब्बल चालवली तर काय होतं? एका फटक्यात सगळी भूछत्रं मुळांसकट मिळतात, न उमललेले कळेही मिळतात, आणि कळ्यांना बाजारात जास्त भाव असतो. त्याबरोबर पोळ्याच्या कोठड्या उघड्या पडतात. वाळवी डागडुजी करते, पण मोठं खिंडार बुजवता येतंच असं नाही. वरचा पाऊस आत शिरतो, पोळं सडतं. जे वारूळ दरवर्षी भाजी देत होतं ते गप्प होतं. गोव्यात गोवा विद्यापीठाचे बुरशीशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी रोयणीच्या अळमींवर कित्येक वर्षं काम केलं आणि रोयणी (म्हणजे वारुळं) उकरल्या तर अळमी संपतील हे पुन्हा पुन्हा सांगितलं. गोव्यातलं जंगल वेगळं, पण वाळवीचं गणित तेच.

श्रावणातल्या नागपंचमीला मराठी गावांत वारुळाची पूजा होते आणि त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही असा दंडक असतो. सात्यांचा हंगाम नेमका तेव्हाच भरात असतो. दंडक एका दिवसाचा आहे. तो हंगामभर पाळला तर वारुळांचं भलंच होईल.

परदेशात भूछत्रं गोळा करण्याचा छंद मोठा आहे आणि त्याची अवजारंही तयार मिळतात. फ्रान्समधल्या ओपिनेल कंपनीचा भूछत्रांचा खास चाकू प्रसिद्ध आहे. आत वळलेलं पातं, घडी होणारी लाकडी मूठ, आणि मुठीच्या टोकाला रानडुकराच्या केसांचा ब्रश, म्हणजे जागेवरच माती झटकता येते. ब्रशाची कल्पना उत्तम आहे, ती उचलावी. दाढीचा जुना ब्रशही तेच काम करतो. माती जंगलातच झटकली तर टोपलीतल्या बाकीच्या भूछत्रांच्या पाकळ्यांत ती जात नाही, आणि एकदा पाकळ्यांत गेलेली रेती कितीही धुतली तरी दाताखाली येते.

चाकूने कापावं की उपटावं हा तिकडचा जुना वाद. स्वित्झर्लंडमध्ये फ्रीबूर प्रांतातल्या एका राखीव जंगलात १९७५ ते २००३ अशी २९ वर्षं त्यावर प्रयोग झाला. काही तुकड्यांत भूछत्रं कापली, काहींत उपटली, काहींना हात लावला नाही. पुढच्या वर्षांच्या उत्पन्नात किंवा जातींच्या संख्येत फरक पडला नाही, कापा किंवा उपटा. फरक पडला तो माणसांच्या पायांनी. जिथे जमीन तुडवली गेली तिथे त्या हंगामात भूछत्रं कमी आली. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. तिथली बुरशी जंगलभर मातीत पसरलेली होती. इथली एका वारुळाच्या पोटात, वाळवीच्या भरवशावर असते. उपटण्याने तिचं काही बिघडत नाही. घर फोडण्याने बिघडतं.

मग जमिनीलगत कापणंच सगळ्यात सुरक्षित नाही का? वारुळासाठी, हो. खाणाऱ्यासाठी नाही, आणि या मुद्द्यावर मी ठाम आहे. जमिनीखालचं बूड बघितल्याशिवाय कुठलंही अनोळखी भूछत्र टोपलीत टाकू नये. जगात भूछत्रांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक ज्या अमानिटा वंशातल्या विषारी जातींमुळे होतात, त्यांची एक मोठी खूण म्हणजे दांड्याच्या बुडाशी असलेली पिशवी. ती मातीत दडलेली असते. चाकूने वरचेवर कापलं की पिशवी जमिनीत राहते आणि हातात येतो एक पांढराशुभ्र, निरुपद्रवी दिसणारा दांडा. सात्यांचं बूड मुळासारखं निमुळतं, अमानिटाचं बूड फुगीर आणि पिशवीत बसलेलं. काठीने वीतभर खाली जाण्याचा हा दुसरा फायदा, आणि माझ्या मते पहिल्याहून मोठा. वारुळासाठी फार खोल जायचं नाही, जिवासाठी फार वर थांबायचं नाही. या दोन्हींच्या मधली वीत काठी अचूक साधते.

त्याबरोबर टोपीखालीही पाहावं. पावसाळ्यात गवताळ मैदानात, शाळेच्या पटांगणात, बंगल्यांच्या हिरवळीवर मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची भूछत्रं येतात. क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स नावाची ही जात आपल्याकडे सर्रास आढळते, दिसायला मोहक असते, आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब करते. तिच्या बीजाणूंचा ठसा हिरवट असतो. ठसा घ्यायला वाटी आणि कागद एवढंच लागतं. दांडा काढून टोपी पालथी कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची, सकाळी उचलायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असला तर बरं, कारण अमानिटाचा पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. सात्यांचा ठसा गुलाबीसर येतो. मात्र गुलाबी ठसा असणाऱ्या विषारी जातीही आहेत, तेव्हा ठशाने नापास करता येतं, पास करता येत नाही. गोल, चेंडूसारखं भूछत्र सापडलं तर ते उभं चिरावं. आत सगळीकडे एकसारखं पांढरं, भरीव असेल तर पुढे विचार करावा. आत काळसर असेल, किंवा चिरलेल्या भागात इवल्याशा छत्रीची रेघ दिसली, तर फेकून द्यावं. ती छत्री म्हणजे न उमललेलं अमानिटा असू शकतं. विळ्याचा खरा उपयोग इथे आहे.

या खुणांच्या जागी लोक भलत्याच खुणा सांगतात. शिजवताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. लसूण टाका, तांदूळ टाका, रंग बघा. किड्यांनी खाल्लेलं असेल तर चालतं. गुरं खातात ना, मग आपल्याला काय होणार. यातली एकही खूण खरी नाही. जिवावर उठणाऱ्या अमानिटाचं विष चांदीला ओळखत नाही, शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. गोगलगाय तेच भूछत्र आरामात खाते. या समजुतींनी माणसं मारली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल मऊ बोलण्यात अर्थ नाही.

माडिया बायकांना हा धोका कमी का, याचंही कारण त्यांनी काही चाचणी शोधून काढली हे नाही. त्या अनोळखी भूछत्र खातच नाहीत. ठरावीक वारुळं, ठरावीक पंधरवडा, ठरावीक चार-सहा प्रकार, आणि लहानपणापासून आजीच्या मागे फिरून डोळ्यांत बसलेलं रूप. फ्रान्समध्ये अनेक लोक गोळा केलेली टोपली गावच्या औषधविक्रेत्याला दाखवतात, कारण तिथे त्यांच्या शिक्षणात भूछत्रांची ओळख असते. हेमलकशाकडे ते काम म्हातारी माणसं करतात. पण हे ज्ञान जागेला बांधलेलं असतं, हे विसरता कामा नये. आग्नेय आशियातून अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेलेल्या लोकांनी गावाकडे खात असलेलं तणसावरचं भूछत्र समजून तिथलं अमानिटा खाल्लं आणि जीव गमावले. त्यांची नजर चुकीची नव्हती, जागा बदलली होती. भामरागड भागात शिक्षक, पोलीस, वनरक्षक, आरोग्यसेवक म्हणून राज्याच्या दुसऱ्या टोकाहून माणसं येतात. कोकणातली अळंबी ओळखणाऱ्या माणसाने इथल्या जंगलात आपल्या नजरेवर विसंबू नये, गावातल्या बाईला दाखवावं. ती ‘नको’ म्हणाली की विषय संपला.

टोपलीबद्दल थोडं. बुरडाने विणलेली बांबूची टोपली, तळाला सागाची किंवा पळसाची पानं, आणि भूछत्रं पाकळ्या खाली करून एका थरात. भूछत्र तोडल्यावरही श्वास घेत असतं. प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा दमटपणा आणि उष्णता कोंडते, जिवाणू वाढतात, आणि सकाळची उत्तम भाजी दुपारी बुळबुळीत होते. अशी शिळी भूछत्रं खाऊन होणाऱ्या उलट्यांना लोक ‘विषारी निघाल्या’ म्हणतात. तेव्हा जात बरोबर असते, पिशवी चुकलेली असते. पूर्ण उघडलेल्या, फाटलेल्या, अळ्या पडलेल्या छत्र्या जागेवरच सोडाव्यात. त्यांची चव गेलेली असते, आणि त्यांच्या बीजाणूंची वाट नव्या वारुळातली वाळवी बघत असते.

काठीचा आणखी एक उपयोग, ज्यासाठी ती कधीच घरी विसरू नये. वारुळाची भोकं सापांच्या वस्तीची असतात. घोणस, नाग, मण्यार, कुणीही असू शकतं. पाला आधी काठीने सारायचा, मग हात घालायचा. पहाटेच्या अंधारात, ओल्या पानांत हा नियम मोडला जातो तो घाईमुळे, कारण लवकर जाईल त्याला ताज्या मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात तर वाघाचा धोका खरा आहे. मोहफुलं, तेंदूपानं, सात्या गोळा करणारी माणसं वाकलेली, खाली बघणारी असतात, आणि तशा स्थितीत वाघाचा हल्ला होण्याचा संभव वाढतो. चौघीजणींनी जावं, मोठ्याने बोलत राहावं, एकीने उभं राहून आजूबाजूला बघावं. भाजीपेक्षा जीव मोठा.

पूर्वी सात्या घरी खायच्या आणि उरल्या तर चुलीवर टांगून वाळवायच्या. आता आलापल्ली, गडचिरोली, चंद्रपूरच्या बाजारात त्या मटणाच्या भावाशी स्पर्धा करतात. बाईच्या हातात रोख पैसा येतो, हे चांगलंच आहे, आणि तिने विकू नये असं म्हणायचा कुणाला अधिकार नाही. पण भाव वाढला की सब्बल घेऊन येणारा माणूसही येतो, बहुधा दुसऱ्या गावचा. त्याला पुढच्या वर्षाशी देणंघेणं नसतं. याचं उत्तर कायद्याने गावाच्या हातात ठेवलंय. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. त्या कायद्याच्या व्याख्येत बांबू, मध, लाख, तेंदूपानं, कंदमुळं यांची नावं आहेत, भूछत्रांचं नाही, आणि वनोपज ‘वनस्पतिजन्य’ असावी असं म्हटलंय. जीवशास्त्राच्या हिशेबाने बुरशी वनस्पती नव्हे. ती प्राण्यांना जास्त जवळची. हा शब्दांचा घोळ कधी कुणी गावाविरुद्ध वापरू नये म्हणून नियमांत भूछत्रांचं नाव स्वच्छ घालावं, असं मला मनापासून वाटतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसत होता आणि जंगलातून काय, कसं घ्यायचं हे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने ठरवत होती. सात्यांसाठी असा ठराव दोन ओळींचा होईल: वारुळावर लोखंड चालवायचं नाही, आणि दर वारुळावर काही उघड्या छत्र्या ठेवायच्या. हेमलकशाच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या माडिया मुलामुलींना आपापल्या गावची वारुळं ठाऊक असतात. कोणत्या वारुळावर कोणत्या नक्षत्रात काय निघालं याची वही त्यांनी ठेवली, तर इथल्या भूछत्रांची अशी नोंद तयार होईल जी बाहेरून येणाऱ्या कुठल्याही अभ्यासकाला करता येणार नाही.

स्वयंपाकाला फार काही लागत नाही. दोन-तीन पाण्यांनी हलक्या हाताने धुवायच्या, हाताने उभ्या फाडायच्या, कांदा आणि हिरवी मिरची तेलात परतून त्यात टाकायच्या, मीठ घालायचं. पाणी त्या स्वतःच सोडतात. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल असेल तर चव वेगळीच येते. कच्च्या खायच्या नाहीत. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन घासच खावेत, कारण ज्या सगळ्यांना चालतात त्याही एखाद्याच्या पोटाला चालत नाहीत. आणि शिजवण्याआधी एक भूछत्र, बुडासकट, कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवावं.

हा शेवटचा नियम कुणी पाळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात चहामळ्यांच्या भागात जंगली भूछत्रं खाऊन काही दिवसांत १३ माणसं दगावली. अशा विषबाधेत डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की खाल्लं काय, आणि दुसरा, की किती तासांनी त्रास सुरू झाला. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा पोटापुरता मामला असतो, तरी दवाखान्यात जायचंच. सहा तासांनंतर, रात्रीचं जेवण पहाटे उलटायला लागलं, तर ते यकृतावर जाणारं विष असू शकतं. यात एक फसवा टप्पा येतो. दिवसभराने उलट्या थांबतात, माणूस उठून बसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. म्हणून बरं वाटलं तरी घरी परत न्यायचं नाही. हेमलकशाच्या किंवा भामरागडच्या दवाखान्यात ताबडतोब पोचायचं, आणि तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर वाट न बघता निघायचं, कारण आलापल्लीपर्यंतच साठेक किलोमीटर आहेत आणि दिवस पुराचे असतात. त्या भाजीच्या ताटाला बसलेल्या प्रत्येकाला सोबत न्यायचं, ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही. आणि कागदात गुंडाळलेलं ते भूछत्र न्यायचं. नसेल तर उरलेली भाजी न्यायची, तीही नसेल तर ज्या जागेवरून तोडलं तिथे कुणाला तरी धाडून तसंच दुसरं आणवायचं, यावेळी काठीने सैल करून, बुडासकट.